लोण पोचतं, पसरत नाही

जिंतूरहून एका वाचकाने विचारलंय : ‘प्री-वेडिंग शूटचं लोन ग्रामीण भागातही पसरलं’ असं बातमीत वाचलं, इथे ‘पेव फुटलं’ हवं होतं का?

आधी त्या ‘लोन’चा निकाल लावू, कारण हे रोज कुठे ना कुठे छापून येतंय. परभणी-हिंगोलीकडे बोलताना आपण ‘पानी’ म्हणतो, ‘लोनी’ म्हणतो, आणि त्यात गैर काहीच नाही. ती आपली बोली आहे. पण प्रमाण मराठीत बातमी लिहायला बसलात तर तिथे लोन म्हणजे बँकेचं कर्ज. ‘डीजेचं लोन’ म्हणजे डीजे घेण्यासाठी काढलेलं कर्ज, दुसरं काही नाही.

शब्द आहे लोण. लोण म्हणजे मीठ. संस्कृतात लवण, प्राकृतात लोण. जुना प्राकृत व्याकरणकार वररुची याने ‘प्राकृतप्रकाशा’त यासाठी सूत्रच दिलंय आणि त्यात लवणाच्या शेजारी नवमल्लिका बसवलीय : लवणाचं लोण, नवमल्लिकेचं णोमल्लिआ. ‘अव’ गेला, ‘ओ’ आला. लोणचं याच घरातलं. मीठ पिकवणारे लोणारी याच घरातले. दृष्ट काढताना उतरून टाकतात ते निंबलोणही. लोणी मात्र या घरातलं नाही. ते नवनीतातून आलं.

मग मीठ पोचायला कुठून लागलं? आट्यापाट्यांच्या खेळातून. जमिनीवर आडव्या पाट्या आखलेल्या, प्रत्येक पाटीवर अडवणारा एक गडी उभा. त्याला हुलकावणी देत एकेक पाटी ओलांडायची, शेवटची लोणपाटी पार करायची, तिथून लोण घेऊन उलट फिरायचं. परत येणारा गडी समोरून येणाऱ्या आपल्या गड्याला लोण देतो, मग तोही लोणवाला होतो. एकाकडून दुसऱ्याकडे, पाटीमागून पाटी, अडवणाऱ्यांच्या नाकावर टिच्चून. एखादी चाल समाजात कशी पुढे सरकते याचं इतकं नेमकं चित्र मला दुसऱ्या कुठल्या शब्दात सापडत नाही.

काही जण हा शब्द कबड्डीतून आला म्हणून ठासून सांगतात. कबड्डीत समोरचा अख्खा संघ बाद झाला की लोण होतो आणि दोन जादा गुण मिळतात. यात कोण कुठून निघालं? कुठे पोचलं? काय नेलं? तिथे फक्त नाव उरलंय, कृती नाही. ज्या खेळात लोण खरोखर वाहून नेतात तो सोडून दुसऱ्या खेळाकडे बोट दाखवायचं, हे मला बिलकूल मान्य नाही.

मी तर आट्यापाट्यांच्याही मागे जाईन. मराठवाड्याला समुद्र नाही. मीठ यायचं ते बैलांच्या पाठीवर, लमाणांच्या तांड्याबरोबर. लमाण हा शब्दच लवणावरून आला असं सांगतात आणि मला ते पुरतं पटतं. त्याला ‘लांब’शी जोडणारे केवळ कानाला लागलेल्या आवाजावर जातात. गोण्या उतरवायला तांडा गावाबाहेर थांबला की मिठासोबत चार मुलखांच्या बातम्या, कपड्यांचे काठ, गाण्याच्या चाली उतरत असणार. ‘लोण आलं’ म्हणजे बाहेरचं काहीतरी गावात आलं, हा अर्थ तिथूनच रुजला असं माझं ठाम मत आहे. खेळाने तो जपून ठेवला.

म्हणून ‘लोण पसरलं’ला माझा विरोध आहे. कोशात चालत असेल, मला चालत नाही. पसरते ती साथ. लोण पोचतं, आणि ते पोचवणारा कुणीतरी असतो. अमेरिकेत आयोवातल्या शेतकऱ्यांनी संकरित मका कसा स्वीकारला याचा ब्राइस रायन आणि नील ग्रॉस यांनी 1943 मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास हेच सांगतो : बियाण्याची माहिती सर्वाधिक शेतकऱ्यांना आधी विक्रेत्याकडून मिळाली, पण पेरायची हिंमत सर्वाधिक जणांना आली ती शेजाऱ्यामुळे. आपल्याकडे प्री-वेडिंगचं बघा. शहरातल्या लग्नात कॅमेरा धरायला गेलेला तालुक्याचा फोटोग्राफर ते शिकून आला, अल्बमच्या पॅकेजमध्ये त्याने ते घातलं, आणि पुढच्या लग्नसराईत वाडीवरची जोडपी तळ्याकाठी उभी राहिली. लोणवाला कोण ते नावानिशी सांगता येतं.

पेवाचं तसं नाही. पांढरीत, म्हणजे गावठाणाच्या पांढऱ्या मातीत, खोल खणलेलं, तळाला नि कडेला कडबा-भुसा लावलेलं, तोंडावर दगड ठेवून मातीने लिंपलेलं ज्वारीचं कोठार म्हणजे पेव. ते उघडलं की लगेच आत उतरायचं नाही, कोंडलेल्या हवेने माणूस दगावतो. आधी कंदील सोडायचा, तो विझला तर थांबायचं. पण एकदा हवा लागली की धान्याला कीड-बुरशी धरायला वेळ लागत नाही, म्हणून दाणा भराभर वर काढावा लागतो. आत दबून असलेलं एकदम, ढिगाने बाहेर येणं म्हणजे पेव फुटणं. गाइडांत ‘पेव फुटणे : वाढ होणे’ एवढंच छापतात, त्यात हे ‘एकदम’ गळून जातं.

तेव्हा परीक्षांची कसून तयारी करून घेणाऱ्या लातूर पॅटर्नचं लोण नांदेडला पोचलं, आणि दोन्ही गावांत मेस नि अभ्यासिकांचं पेव फुटलं. बातमीतलं वाक्य एवढंच हवं होतं : प्री-वेडिंग शूटचं लोण खेड्यांतही पोचलं.