क्रूझ लिव्होर्नोला एकच दिवस थांबते. तेवढ्यात स्वतःहून फ्लॉरेन्सला जाऊन चामड्याच्या वस्तू आणि हाताने रंगवलेला कागद घेऊन परत येता येईल का? (सकाळी ७ ते संध्याकाळी ७, सोबत आई)

येईल. मीही माझ्या आईला घेऊन असाच एक दिवस काढला आहे, म्हणून खात्रीने सांगते. फक्त हिशोब उलट्या बाजूने मांडा. ७ ला सुटणाऱ्या जहाजावर साडेसहापर्यंत चढायचं, म्हणजे साडेपाचला बंदरात हवं, म्हणजे फ्लॉरेन्सहून तीनच्या सुमाराची गाडी पकडायची. सकाळी सगळं सुरळीत झालं तरी तिथे पोहोचायला साडेदहा होतात. हातात उरतात साडेचार तास. खरेदीला हे पुरेसे आहेत, पण संग्रहालयही बघू म्हणाल तर दोन्ही अर्धवट राहील.

लिव्होर्नो हे मालवाहतुकीचं बंदर आहे, धक्क्यावरून पायी बाहेर पडू देत नाहीत. शटल बस गावाच्या मध्यभागी, पियाझा ग्रांदेच्या आसपास सोडते. तिथून लिव्होर्नो चेंत्राले स्टेशन दोनेक किलोमीटर आहे. सिटी बस जाते, पण आई सोबत असताना मी सरळ टॅक्सी करीन.

स्टेशनवर प्रादेशिक गाडीचं तिकीट काढा. त्याचं भाडं ठरलेलं असतं, आधी काढून स्वस्त पडत नाही, म्हणून त्याच दिवशी काढलेलं बरं. कागदी तिकीट असेल तर चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात घालून शिक्का मारून घ्यायचा, नाहीतर तिकीट असूनही दंड होतो. फलकावर फ्लॉरेन्स नाही, ‘फिरेंत्से एस.एम.एन.’ असं असतं, म्हणजे सांता मारिया नोव्हेला हे तिथलं मुख्य स्टेशन. रिफ्रेदी नावाचं स्टेशन आधी लागतं, तिथे उतरू नका. प्रवास साधारण दीड तासाचा. वाटेत पिसा लागतं आणि मनोरा बघून घेण्याचा मोह होतो. तो टाळा.

आता खरेदीचं. स्टेशनातून बाहेर पडलं की थोड्याच अंतरावर सान लोरेंझो बाजाराचे स्टॉल सुरू होतात, आणि बहुतेकांचा वेळ तिथेच संपतो. माझाही तासभर गेला. तिथून घेतलेल्या पर्सच्या कडा वर्षभरात सुटल्या, कारण त्या शिवलेल्या नव्हत्या, नुसत्या चिकटवून वरून रंग दिलेला होता. सगळेच स्टॉल तसे नसतात, पण ‘वेरा पेल्ले’ या शिक्क्याचा अर्थ एवढाच की चामडं खरं आहे. ते इथे कमावलं, इथे शिवलं, असा नाही. तोस्कानाची, म्हणजे फ्लॉरेन्स ज्या प्रांतात आहे त्याची, खरी ओळख म्हणजे झाडपाल्याच्या अर्काने कमावलेलं चामडं. आपल्याकडे कोल्हापुरीसाठी बाभळीची साल आणि हिरडा वापरतात, तीच जात. नवं असताना ते जरा कडक आणि फिकट असतं, वापरून गडद होत जातं. वास घ्या, कडा बघा, आतली शिलाई उलटून बघा. दुकानदाराला याचा राग येत नाही, उलट तो खुलतो.

म्हणून माझं ऐका आणि थेट सांता क्रोचे चर्चला जा. चालत वीस-पंचवीस मिनिटं लागतात, दगडी रस्ता आहे, आईंना चांगले बूट घालायला सांगा. त्या चर्चच्या मागच्या अंगाला, फ्रान्सिस्कन मठाच्या जुन्या इमारतीत ‘स्कुओला देल कुओयो’ ही चामड्याच्या कामाची शाळा आहे. दुसऱ्या महायुद्धात पोरक्या झालेल्या मुलांच्या हाताला हुन्नर मिळावा म्हणून मठातल्या साधूंनी गोरी आणि कासिनी या कारागीर घराण्यांच्या मदतीने ती १९५० मध्ये सुरू केली. वस्तू घडताना बघता येते आणि तिथेच विकतही मिळते. स्वस्त नाही. आईने तिथून एक साधं पैशांचं पाकीट घेतलं, त्यावर तिच्या नावाची अक्षरं सोनेरी वर्खात उमटवून दिली. ती आजही रोज तेच वापरते.

कागदासाठी नदी ओलांडून पलीकडे, पिट्टी राजवाड्याच्या बाजूला जावं लागेल. दाटसर पाण्यावर रंग तरंगवून, फणीने नक्षी ओढून, त्यावर कागद अलगद टेकवून उचलतात, त्यामुळे दोन कागद कधी सारखे निघत नाहीत. जान्नीनी हे घराणं १८५६ पासून या कामात आहे. पत्ता शोधताना एक लक्षात ठेवा: फ्लॉरेन्समध्ये दुकानांचे क्रमांक लाल आणि घरांचे वेगळे असतात, म्हणून ‘१० आर’ (‘आर’ म्हणजे लाल) आणि नुसतं ‘१०’ एकाच रस्त्यावर लांब लांब असू शकतात. आम्ही त्यात वीस मिनिटं घालवली.

एका दुकानात एका दिवशी ७० युरोंपेक्षा जास्त खरेदी झाली तर करपरताव्याचा फॉर्म मागा. त्याला पासपोर्टचे तपशील लागतात आणि काही जहाजं पासपोर्ट स्वतःकडे ठेवून घेतात, तेव्हा फोटो आणि झेरॉक्स जवळ असू द्या. फॉर्मवरची कस्टमची मंजुरी युरोपीय संघातून शेवटचं बाहेर पडताना घ्यायची असते आणि वस्तू दाखवायला सांगू शकतात, म्हणून विमानतळावर बॅग आधीच चेक-इन करू नका.

आदल्या रात्री एवढं नक्की बघा: रेल्वेचा संप, म्हणजे ‘शोपेरो’, तर नाही ना. संपातही कामाच्या दिवशी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ काही गाड्या चालतात, पण तुमच्या वेळा नेमक्या त्यांच्या बाहेर पडतात. संप असेल तर पैशांचा विचार न करता जहाजाचीच सहल घ्या.