आधी कडेला उभी राहा

प्रिय मुली,

"ताई, घरी सगळं जमतं, पण साइफरमध्ये पाय फरशीला चिकटतात." तुझा मेसेज वाचून हसू आलं, कारण ब्रेकिंगच्या (ब्रेकडान्सच्या) त्या गोलाच्या, जिथे एकेकीने मध्ये येऊन नाचायचं, कडेला मी तीन महिने अशीच चिकटून होते. सोसायटीच्या पार्किंगमध्ये आमचा सराव चालायचा. वॉचमनकाका साडेआठला दिवे घालवायचे आणि तेवढ्यात मुलांच्याच चारचार फेऱ्या व्हायच्या.

शेवटी एकदा घुसले. टॉपरॉक, म्हणजे उभ्याने टाकायची पावलं, बरा झाला, हात टेकून पाय गोल फिरवायचा सिक्स-स्टेप कसाबसा, आणि हातांवर तोल धरून थांबायच्या बेबी फ्रीझला कोपर कमरेत नीट रुतलंच नाही. धप्पकन आडवी! समोरून मैत्रीण ओरडली, "परत!" म्हणून परत केलं. घरी जाताना रिक्षात मात्र तिने सुनावलं, "घाबरलीस की तू बीटच्या पुढे पळतेस." क्लासमध्ये इतकं नेमकं मला कुणी सांगितलं नव्हतं. तेव्हापासून आत शिरले की आधी दोन आकडे मोजेपर्यंत नुसती डोलते, बीट सापडू देते आणि मग पाय टाकते. तूही तसंच करून बघ.

तिला हे दिसलं, कारण ती कडेला उभी राहून नीट बघत होती. म्हणून आधी कडेला उभं राहायला शीक. टाळी बीटवर दे, मोबाइल खिशात ठेव, दुसरीचा फ्रीझ लागला की मनापासून ओरड. चुकली तर तिथे गप्प बस, नंतर एकटीला सांग. आवडलेली मूव्ह विचारून शीक. तशीच्या तशी उचलून आपली म्हणून मिरवलीस तर त्याला 'बाइट' म्हणतात आणि ते सगळ्यांच्या लक्षात राहतं.

'हे मुलांचं काम' असं कुणी म्हणालं, तर त्याला 11 ऑगस्ट 1973 ची गोष्ट सांग. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये, आपलं ब्रेकिंग ज्यातलं त्या हिप-हॉपचा जन्म ज्या पार्टीत झाला असं मानतात, ती सिंडी कॅम्पबेल नावाच्या शाळकरी मुलीने ठेवली होती. शाळा सुरू होण्याआधी तिला नवे कपडे घ्यायचे होते! मुलींना 25 सेंट, मुलांना 50. रेकॉर्ड लावायला भाऊ, तोच डीजे कूल हर्क. नाव भावाचं झालं, हे काही आपल्याला नवीन नाही. 2024 ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये ब्रेकिंग आलं तेव्हा मुलींचं सुवर्ण जपानच्या अमीने नेलं.

पहिले काही महिने फक्त मुलींमध्ये सराव कर, असं माझं मत. काहींना हे पटत नाही. त्यांना म्हणावं, मनगटावर उभं राहताना टी-शर्ट वर जातो की काय याची धास्ती आधी एकदा अनुभवून बघा. (आतला टी-शर्ट ट्रॅकपँटमध्ये खोच.) आणि कुणी सीनियर 'फुकट शिकवतो, रात्री एकटी ये' म्हणाला, तर जायचं नाही. तो कितीही भारी नाचत असला तरी.

आईशी खोटं बोलू नकोस. माझ्या आईला कोपराची खपली दिसली आणि महिनाभर घरात अबोला होता. एकदा तिला सरावाला घेऊन आले. चहाचा थर्मास घेऊन कठड्यावर बसली आणि जाताना म्हणाली, "ती निळ्या पँटवाली तुझ्यापेक्षा बरी करते." खरंच करायची.

रविवारी सातला ये. मनगटं घरूनच फिरवून ये, व्हॉलीबॉलचे नी-पॅड आण. आणि तुझ्या मेसेजमधली ती शेजारची, जी 'नुसती बघायला' येते म्हणालीस, तिलाही आण. तिच्या मापाचे नी-पॅड माझ्याकडे आहेत.

तुझी,
ताई