मागे घडले, मागाहून सांगितले

फोंड्याच्या एका वाचक भगिनीने विचारले आहे: कादंबरी शेवटापासून सुरू होते, मग मध्येच नायिकेचे बालपण येते, मग पुन्हा आजचा दिवस. अशा सांगण्याला मराठीत नेमके काय म्हणावे? ‘फ्लॅशबॅक’ अपुरा वाटतो आणि ‘अरेषीय कथन’ म्हटले तर घरात कुणाला कळत नाही.

दोन्ही तक्रारी मला पटतात. ‘फ्लॅशबॅक’ सिनेमातून आला आणि तो एका तुकड्यापुरता आहे. कथेने मध्येच मागे उडी मारली की तो फ्लॅशबॅक. सगळी कादंबरीच काळाची उलथापालथ करून रचली असेल, तर त्या रचनेला हा शब्द पुरत नाही. ‘अरेषीय’ चुकीचा नाही, पण गोष्ट कशी नाही एवढेच तो सांगतो. कशी आहे ते सांगत नाही.

काही जण इथे ‘सिंहावलोकन’ वापरतात, तो मात्र टाळावा. सिंह चार पावले चालून मान वळवतो आणि आलेली वाट पाहतो, त्यावरून हा शब्द आला. संस्थेच्या वर्षभराच्या कामाचे सिंहावलोकन होते. त्यात झाल्या गोष्टींचा आढावा असतो, क्रम मोडलेला नसतो. ‘कालविपर्यास’ तर वेगळीच गोष्ट आहे. शिवकाळावरच्या कादंबरीत मावळ्याच्या मनगटावर घड्याळ आले, तर तो कालविपर्यास. तो दोष आहे, आणि आपण बोलतो आहोत ती लेखकाने जाणून केलेली मांडणी.

समीक्षेच्या लेखात मी ‘व्युत्क्रम कथन’ लिहीन. व्युत्क्रम म्हणजे क्रमाचे उल्लंघन, उलटापालट. बोलताना मात्र सरळ म्हणावे: मागचे पुढे आणि पुढचे मागे करून सांगितलेली गोष्ट. शब्द जास्त झाले तरी हरकत नाही, ऐकणाऱ्याला पुन्हा विचारावे लागत नाही.

या ‘मागे’पाशी थोडे थांबायला हवे, कारण या प्रश्नाचे मर्म तिथेच आहे. ‘तो मागे आला होता’ म्हणजे पूर्वी आला होता. ‘तो मागाहून आला’ म्हणजे नंतर आला. एकाच मुळाचे दोन शब्द, एक भूतकाळाकडे जातो, दुसरा उलट दिशेला. गोव्यात तर हे रोज कानावर पडते, कारण कोकणीतला ‘मागीर’ म्हणजेही ‘नंतर’च. माझ्या समजुतीप्रमाणे कारण असे: ‘मागे’ म्हणताना आपण आजच्या जागी उभे राहून सरलेल्या दिवसांकडे पाहतो. ‘मागाहून’ म्हणताना घटना एकामागून एक चालत असतात आणि जी मागे राहिली ती नंतर पोहोचते. कादंबरीकार नेमका या दोन ‘मागां’चा खेळ करतो. मागे घडलेले तो मागाहून सांगतो.

हे परक्याकडून आलेले तंत्र आहे असे कुणी म्हटले, तर भीष्मपर्व उघडावे. संजय रणांगणावरून येतो आणि धृतराष्ट्राला आधी सांगतो की भीष्म पडले. युद्धाचे दहा दिवस तोवर होऊन गेलेले असतात. मग राजाच्या प्रश्नांतून कथा मागे जाते, आणि ‘धर्मक्षेत्रे कुरुक्षेत्रे’ हा गीतेचा पहिला श्लोक त्यानंतर येतो. अर्जुनाने धनुष्य टाकले ते आपण ऐकतो, तेव्हा भीष्म शरशय्येवर आहेत हे आपल्याला ठाऊक असते. आणि ‘कादंबरी’ हे नावच पाहा. ते बाणभट्टाच्या सातव्या शतकातल्या कथेतून आले. त्यात शूद्रक राजाच्या सभेत एक पोपट आपली हकिगत सांगू लागतो, त्या हकिगतीत जाबाली ऋषी दुसरी गोष्ट सांगतात, तिच्या पोटात महाश्वेता आपली. शेवटी कळते की ऐकणारा राजाच त्या गोष्टीतल्या नायकाचा, चंद्रापीडाचा, पुढचा जन्म आहे. म्हणजे सुरुवातीला आपण जे पाहिले ते काळाने सगळ्यात शेवटचे होते. आपण या साहित्यप्रकाराला नाव घेतले तेच मुळी अशा पुस्तकाचे.

आता लिहिणाऱ्यांसाठी एक व्याकरणाची बाब, कारण मराठीत अशी कथा बिघडते ती बहुधा ‘होता’पाशी. हा तुकडा पाहा, त्यातली बेती म्हणजे मांडवी नदीच्या काठचे पणजीसमोरचे गाव: ‘माई बेतीच्या धक्क्यावर उतरली. इथेच नानांनी तिला पहिल्यांदा पाहिले होते. तिच्या हातात शेवंतीची पुडी होती. फेरीबोटीवरच्या माणसाने दोर फेकला. ती हसली.’ कोणती माई हसली, आजची की तेव्हाची? कळत नाही. पण म्हणून प्रत्येक वाक्याला ‘होता, होती, होते’ जोडत गेलो तर गद्य जड होते. रीत अशी: मागे जाताना पहिल्या एक-दोन वाक्यांत ‘पाहिले होते’, मग साधा भूतकाळ, आणि परतताना वर्तमानाची ठळक खूण. नेहमी घडणाऱ्यासाठी जुने ‘येई, जाई, बसे’ आहेतच, ते एका शब्दात काळ बदलतात.

खुणेसाठी सन लिहायलाच हवा असे नाही. आपल्याकडची जुनी माणसे ‘मुक्तीआधी’ म्हणतात, म्हणजे गोवा पोर्तुगिजांच्या हातून सुटण्याआधी, ‘पूल पडला तेव्हा’ म्हणतात, आणि मांडवीवरचा पूल १९८६ च्या पावसाळ्यात कोसळला हे ऐकणाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही. वरचा तुकडा मग असा लिहिता येईल: ‘माई बेतीच्या धक्क्यावर उतरली. पूल पडला त्या पावसाळ्यात इथेच नानांनी तिला पहिल्यांदा पाहिले होते. फेरीला ही गर्दी. तिने शेवंतीची पुडी पदराखाली धरली, बोटीवरच्या माणसाने दोर फेकला, ती दचकली आणि हसली. आज धक्क्यावर दोघेतिघेच होते. माईने पिशवी या हातातून त्या हातात घेतली.’