जीपीयू ड्रायव्हर रस्टमध्ये पुन्हा लिहिला तर मेमरीच्या त्रुटी संपतील का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: उपकरण अँड्रॉइडवर चालतं, जीपीयूचा (पडद्यावरचं चित्र काढणाऱ्या प्रोसेसरचा) कर्नल ड्रायव्हर, म्हणजे त्याला चालवणारा ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्यातला कोड, चिपवाल्या कंपनीकडून सी भाषेत येतो, त्यात सारखा कुठला ना कुठला 'यूज आफ्टर फ्री' (सोडून दिलेली मेमरी पुन्हा वापरण्याची चूक) निघतो, आणि वरचे लोक म्हणतायत की एकदाचा सगळा रस्टमध्ये, म्हणजे मेमरीच्या चुका कंपायलरकडून अडवणाऱ्या भाषेत, लिहून टाका.

सगळा लिहू नका, निदान आधी तरी नको. मी ड्रायव्हरच्या कोडमध्येच काम करतो आणि रस्ट मला आवडते, तरीही हेच सांगेन. जीपीयू ड्रायव्हरमधली सर्वात घातक त्रुटी भाषेच्या नजरेत येतच नाही, आणि रस्टचा कंपायलरसुद्धा ती आपोआप पकडणार नाही.

आधी जीपीयूच का, ते बघू. कॅमेरा, मोडेम, वायफाय यांचे ड्रायव्हरही सी मध्येच असतात आणि तेही काही धुतल्या तांदळासारखे नाहीत. पण साध्या अ‍ॅपला त्यांच्यापर्यंत थेट पोचता येत नाही, मध्ये सिस्टमची एखादी सेवा उभी असते. जीपीयूचं तसं नाही. पडद्यावर काही काढायचं तर प्रत्येक अ‍ॅपला त्याची डिव्हाइस फाइल उघडता यावीच लागते. म्हणजे एकही परवानगी न मागणारं अ‍ॅप हजारो ओळींच्या कर्नल कोडला आयऑक्टलमधून (ड्रायव्हरला थेट विनंती करायच्या कॉलमधून) हवं ते विचारू शकतं. २०२१ पासून अँड्रॉइडच्या कर्नल ड्रायव्हरवर झालेल्या हल्ल्यांपैकी बहुतेकांचं लक्ष्य जीपीयू होतं, असं गूगलनेच सांगितलंय. ऑक्टोबर २०२३ मध्ये तर आर्मने त्यांच्या माली जीपीयूमधली सीव्हीई-२०२३-४२११ (सीव्हीई म्हणजे जाहीर त्रुटीला मिळणारा क्रमांक) आणि क्वालकॉमने अ‍ॅड्रेनो जीपीयूमधल्या सीव्हीई-२०२३-३३१०६ व ३३१०७ पाठोपाठ जाहीर केल्या, आणि तिन्हींचा प्रत्यक्ष हल्ल्यांत वापर होत असल्याची चिन्हं होती.

ड्रायव्हरचा दुसरा भाग, म्हणजे शेडर कंपायलर (चित्रं काढणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमचं जीपीयूच्या भाषेत रूपांतर करणारा) वगैरे, अ‍ॅपच्याच प्रोसेसमध्ये चालतो. तिथे काही फुटलं तर बहुधा ते अ‍ॅपच मरतं. ब्राउझरमध्ये वेबपानांना जीपीयू वापरू देणाऱ्या वेबजीएल आणि वेबजीपीयूमुळे तो भागही नाजूक होतो, पण तुमचा प्रश्न कर्नलचा आहे, म्हणून तो बाजूला ठेवतो.

आता खरी गोम. नेहमीच्या यूज आफ्टर फ्रीमध्ये कर्नलमधला एखादा पॉइंटर मोकळ्या झालेल्या मेमरीकडे बघत राहतो. जीपीयू ड्रायव्हरमध्ये तोही प्रकार असतोच. पण त्याच्याहून वाईट प्रकार पानांचा, म्हणजे मेमरीच्या ठरावीक आकाराच्या तुकड्यांचा, आहे. मोबाइलच्या चिपमध्ये सीपीयू आणि जीपीयू एकच रॅम वापरतात, मात्र दोघांची पेज टेबलं (कुठला पत्ता कुठल्या पानाकडे जातो त्याचे नकाशे) वेगळी. एकाच भौतिक पानाकडे कर्नलचा एक नकाशा, अ‍ॅपच्या प्रोसेसचा दुसरा आणि जीपीयूचा तिसरा असे तीन नकाशे बोट दाखवत असतात. पान परत करण्याआधी तिन्ही ठिकाणची नोंद पुसावी लागते, शिवाय जीपीयूच्या टीएलबीमध्ये (नकाशातल्या अलीकडच्या नोंदींच्या साठ्यात) जुनी नोंद उरलेली नाही याचीही खात्री करावी लागते. यातली एक पायरी चुकली, किंवा फक्त क्रम उलटा झाला, की पान कर्नलकडे परत जातं आणि जीपीयूला मात्र ते अजून लिहिता-वाचता येतं.

मग कर्नल ते पान दुसऱ्या कुणाला देतो. हल्लेखोर असंख्य पेज टेबलं तयार करायला लावून त्यातलं एखादं नेमकं त्याच पानावर येईल अशी व्यवस्था करतो. त्यानंतर साधं जीपीयूचं काम पाठवून त्या टेबलात हवा तो आकडा लिहिला की सगळी भौतिक मेमरी हातात आली. कर्नलच्या पत्त्यांचा अंदाज लागू नये म्हणून केलेली सरमिसळ, फंक्शनच्या उड्यांवरची राखण, यातलं काहीच आडवं येत नाही, कारण उडी कुणी चुकीची मारलेलीच नाही. जीपीयूने त्याच्या पेज टेबलाप्रमाणे इमानदारीत काम केलं, एवढंच.

आणि या पानांच्या आयुष्याला फाटे किती! बाहेरून आणलेले बफर, एकाच बफरची दोन नावं, चालू असताना वाढणारं-आकसणारं वाटप, आणि मेमरी कमी पडली की कर्नलने परस्पर काढून घेतलेली पानं. सीव्हीई-२०२२-३८१८१ हे या शेवटच्या फाट्याचं नमुनेदार उदाहरण आहे. मालीमध्ये जेआयटी मेमरी नावाचं वाटप असतं. ते वापरात नसताना कर्नलने दबावाखाली काढून घेतलं, पण ड्रायव्हरच्या एका यादीत त्याची नोंद तशीच राहिली. हा रस्ता नेहमीच्या चाचण्यांत चालतच नाही, कारण चाचणीच्या यंत्रावर मेमरी क्वचितच कमी पडते.

कुणी म्हणेल, हार्डवेअरमध्ये आता एमटीई, म्हणजे मेमरीवर खुणा करून तपासण्याची सोय, आहे ना. दर १६ बाइटला ४ बिटांची खूण, पॉइंटरची खूण जुळली नाही की तिथेच अडवणूक. पिक्सेल ८ पासून ही सोय फोनमध्ये आली. पण सीव्हीई-२०२३-६२४१ वापरून गिटहब सिक्युरिटी लॅबने मार्च २०२४ मध्ये दाखवलं की त्याच पिक्सेल ८ वर, एमटीई चालू असताना, मालीमधून कर्नल ताब्यात घेता येतो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. खुणा तपासतो सीपीयू, आणि लिहीत होता जीपीयू. ड्रायव्हरच्या स्वतःच्या स्ट्रक्चरांसाठी एमटीई उत्तम आहे, चालू ठेवाच, पण पानांच्या बाबतीत तिच्यावर विसंबू नका.

रस्टलाही नेमकी हीच मर्यादा आहे. संदर्भांची मोजणी, लॉक न घेता केलेला वापर, आयऑक्टलमधून आलेल्या आकड्याने अ‍ॅरेबाहेर जाणं, या सगळ्याला ती चांगला आळा घालते, आणि हा वाटा लहान नाही. पण एखाद्या पानाचा तिसरा मालक एक वेगळा प्रोसेसर आहे, हे कंपायलरला ठाऊक नसतं. ते तुम्हाला टाइपमध्ये लिहावं लागतं: 'मॅपिंग' नावाची वस्तू पानं स्वतःकडे धरून ठेवेल, आणि जीपीयूची नोंद पुसून टीएलबी रिकामा झाल्याचं कळल्यावरच ती सोडेल. पेज टेबलाला हात लावणारा तो थोडासा कोड अनसेफच, म्हणजे कंपायलरच्या हमीबाहेरचा, राहणार. फायदा असा की तपासायची जागा एकवटते. अ‍ॅपलच्या एम१ साठी असाही लिनक्सने (अ‍ॅपलच्या संगणकांवर लिनक्स आणणाऱ्या प्रकल्पाने) रस्टमध्ये जो ड्रायव्हर लिहिला, त्यात फर्मवेअरबरोबर वाटून घ्यायच्या स्ट्रक्चरांचं आयुष्य असंच टाइपमध्ये बांधलंय. वाचण्यासारखा आहे.

काही त्रुटींना तर ड्रायव्हर कुठल्या भाषेत आहे याच्याशी देणंघेणंच नसतं. जानेवारी २०२४ मध्ये ट्रेल ऑफ बिट्सने उघड केलेली लेफ्टओव्हर लोकल्स घ्या. अ‍ॅपल, एएमडी, क्वालकॉमच्या काही जीपीयूंत आधीच्या कामाचा डेटा जीपीयूच्या आतल्या लोकल मेमरीत पुसला न जाता राहायचा आणि पुढच्या प्रोसेसला वाचता यायचा.

तुमच्या जागी मी पहिल्यांदा दारं बंद करेन. चिपवाल्याच्या ड्रायव्हरमध्ये प्रोफायलिंगचे काउंटर, डीबगची साधनं, जुन्या आवृत्तीसाठी ठेवलेली आयऑक्टल असं बरंच सामान असतं, ज्याची विकलेल्या उपकरणावर कुणालाच गरज नसते. एसइलिनक्समध्ये (अँड्रॉइडच्या परवानग्यांच्या यंत्रणेत) आयऑक्टलच्या क्रमांकानुसार परवानगी देता येते. नेहमीची सगळ्यांना, प्रोफायलिंगची फक्त डेव्हलपरच्या शेलला, उरलेली कुणालाच नाही. गूगल आणि आर्मने मालीसाठी अशीच वर्गवारी केली. आधी फक्त नोंद करणाऱ्या स्थितीत चालवून बघा, नाहीतर एखादं अ‍ॅप बंद पडेल आणि सगळा उपक्रमच गुंडाळला जाईल. रस्टच्या तुलनेत हे काम किरकोळ आहे, त्यामुळे त्याचं कौतुक कुणी करत नाही.

पॅच उशिरा पोचणं ही त्याहून मोठी दुखरी जागा. गूगलच्या त्रुटी शोधणाऱ्या प्रोजेक्ट झीरोने २०२२ च्या उन्हाळ्यात मालीमधल्या पाच त्रुटी आर्मला कळवल्या, आर्मने जुलै-ऑगस्टमध्ये त्या दुरुस्त केल्या, आणि नोव्हेंबरमध्ये पाहिलं तर पिक्सेल, सॅमसंग, शाओमी, ओप्पो यांच्या फोनांत ती दुरुस्ती पोचलेलीच नव्हती. सीव्हीई-२०२४-४६१० चं तर आणखी विचित्र: दुरुस्ती नोव्हेंबर २०२२ च्या आर४१पी० या ड्रायव्हर आवृत्तीमध्ये आली होती, तिला सीव्हीई क्रमांक मिळाला जून २०२४ मध्ये, तोही हल्ल्यात वापर झाल्यावर. तेव्हा 'सीव्हीई आली की पॅच लावू' हे धोरण इथे उपयोगाचं नाही. चिपवाल्याची प्रत्येक आवृत्ती घेत राहा. त्यासाठी तुमचे स्वतःचे बदल त्या ड्रायव्हरमध्ये जितके कमी तितकं बरं.

चाचण्यांबद्दल एक सूचना, जी मला फारशी लिहिलेली दिसत नाही. सिझकॉलर (कर्नलवर वेड्यावाकड्या विनंत्यांचा मारा करणारा फझर) आणि केसॅन (कर्नलमधला मेमरीचा चुकीचा वापर पकडणारं साधन) चालवाच, पण केसॅनलाही जीपीयूचं लिहिणं दिसत नाही. म्हणून डीबग बिल्डमध्ये स्वतःची तपासणी घाला: ड्रायव्हर एखादं पान परत करत असेल तेव्हा त्या कॉन्टेक्स्टची जीपीयू पेज टेबलं चाळा, आणि त्या पानाकडे बोट दाखवणारी नोंद सापडली की तिथेच पॅनिक. भयंकर हळू चालतं, पण फझरच्या यंत्राला घाई नसते. सोबत वाटप मुद्दाम अपयशी ठरवा आणि मेमरीचा कृत्रिम दबाव सतत चालू ठेवा, म्हणजे ते कधीच न चालणारे रस्ते चालतील. सोडलेली पानं जीपीयूचं काम संपल्याची खात्री होईपर्यंत एका रांगेत थांबवून ठेवणं हा बदल सी मध्येही होतो, आणि क्रम चुकण्याच्या बऱ्याच जागा त्याने बुजतात.

मग रस्ट कुठे? नव्या कोडमध्ये. अँड्रॉइडमध्ये मेमरी सुरक्षेच्या त्रुटींचा वाटा २०१९ मध्ये ७६ टक्के होता, तो २०२४ मध्ये २४ टक्क्यांवर आला, आणि तो जुना कोड सरसकट पुन्हा लिहून नव्हे. नवं सुरक्षित भाषांत लिहिलं, जुन्यातल्या त्रुटी काळाबरोबर सापडत आणि कमी होत गेल्या. एनव्हिडियासाठी लिनक्समध्ये येत असलेला नोव्हा ड्रायव्हरही नूव्हो या जुन्या ड्रायव्हरचं भाषांतर नाही. तो फक्त जीएसपी (चिपच्या आतला व्यवस्थापक प्रोसेसर) फर्मवेअर असलेल्या, म्हणजे ट्युरिंग आणि त्यापुढच्या चिपांसाठी नव्याने लिहिला जातोय, आणि त्याचा गाभा लिनक्स ६.१५ मध्ये आला. मालीसाठी टायर नावाचा रस्ट ड्रायव्हर ६.१८ मध्ये दाखल झाला, तो सीएसएफ (जीपीयूची कामं फर्मवेअरकडून लावणारी नवी रचना) असलेल्या पिढीसाठी.

त्यामुळे वरच्यांशी बोलण्याआधी तुमची चिप बघा. माली असेल आणि सीएसएफ पिढीची असेल, तर स्वतःचा रस्ट ड्रायव्हर लिहिण्यात मनुष्यबळ घालवण्यापेक्षा एक माणूस टायरवर काम करायला द्या, आणि पुढच्या उत्पादनासाठी त्याचा विचार करा. अ‍ॅड्रेनो किंवा जुनी माली असेल तर सध्या आयऑक्टलची यादी काढायला बसा. ती यादी चिपवाल्याकडून मिळत नसेल तर ड्रायव्हरच्या हेडर फाइलमध्ये सगळी असते.