सहाबांची चरित्रं वाचायला घेताना

सहाबा म्हणजे पैगंबर मुहम्मदांचे सोबती. त्यांच्यातल्या चार खलिफांपासून, म्हणजे पैगंबरांनंतर सत्तेवर आलेल्यांपासून, थेट सुरुवात करू नकोस. तिथे राजकारणाचा गुंता इतका की माणूस हातीच लागत नाही. आधी हजरत बिलाल वाच. मक्केतले हबशी वंशाचे गुलाम. इस्लाम स्वीकारला म्हणून मालक उमय्या त्यांना भर दुपारी तापल्या वाळूत उताणं झोपवून छातीवर धोंडा ठेवायचा, आणि हे ‘अहद, अहद’ (देव एकच) एवढंच म्हणत राहायचे. पुढे पहिले खलिफा झालेले अबू बक्र यांनी त्यांना सोडवलं. पुढे मदिनेत अजान देण्याचं काम त्यांच्याकडे आलं. ६३० मध्ये मक्का हाती आल्यावर काबाच्या छतावरून अजान दिली, ती यांनीच. मक्केतल्या कुरैश टोळीतल्या बड्या धेंडांना किती झोंबलं असेल!

मात्र एक ध्यानात ठेव. सहाबांची चरित्रं संकलित करणारे इब्न साद ८४५ मध्ये वारले. म्हणजे मधे दोनेक शतकं गेली. म्हणून प्रत्येक हकिकतीआधी येणारी सांगणाऱ्यांची साखळी गाळू नकोस, कितीही कंटाळा आला तरी. सुन्नी आणि शिया परंपरा काही सहाबांकडे अगदी वेगळ्या नजरेने बघतात, तेव्हा दोन्हीकडचं वाच.

बिलाल यांच्यानंतर सलमान फारसी घे. ६२७ मध्ये मदिनेच्या रक्षणासाठी खंदक खणायची कल्पना त्यांचीच, असं सांगतात.