‘तिला कुठं सिनेमात जायचंय?’

प्लास्टिक सर्जरीबद्दल वाचकांकडून आलेल्या पत्रांपैकी काहींना या वेळी उत्तरं देत आहे. नावं गाळली आहेत.

प्रश्न : माझी वहिनी दोन वर्षांपूर्वी स्टोव्हच्या भडक्यात भाजली. जखमा भरल्या, पण हनुवटी छातीकडे ओढली गेली आहे आणि उजवा हात वर जात नाही. ऑपरेशनचं काढलं की घरचे म्हणतात, ‘तिला कुठं सिनेमात जायचंय? अंगात प्लास्टिक घालायला लाखो रुपये कशाला?’ माझी कातडी तिला चालेल का? (इंदापूर)

उत्तर : ताई, भाजलेल्यांच्या वॉर्डात मी अनेक वर्षं काम केलं आहे आणि हे वाक्य तिथे सतत ऐकलं आहे. अजूनही ऐकताना जीव तुटतो. वहिनींना मान वर करून पाणी पिता येत नसेल. फळीवरचा डबा काढायला, ब्लाउज घालायला कुणाला तरी हाक मारावी लागत असेल. यात रूपाचा प्रश्न आहेच कुठे? खोल भाजलेली जखम भरताना कातडी आकसते. मान, काख, कोपर, बोटं अशा वाकणाऱ्या ठिकाणी ती सांधाच ओढून धरते. याला आम्ही कॉन्ट्रॅक्चर म्हणतो. दोन वर्षांचं कॉन्ट्रॅक्चर तेल-मालिशने सुटणार नाही.

ऑपरेशनमध्ये तो आकसलेला भाग कापून मोकळा करतात. मान सरळ झाली की उघड्या पडलेल्या जागेवर वहिनींच्याच मांडीची कातडी लावतात. प्लास्टिकचा त्यात काहीही संबंध नाही. मांडीवरून फक्त वरचा पातळ थर घेतात, म्हणून ती जागा दोन-तीन आठवड्यांत आपोआप भरून येते. तुमची माया समजते, पण दुसऱ्याची कातडी शरीर कायमची स्वीकारत नाही. एकसारख्या जुळ्या भावंडांचा तेवढा अपवाद. त्वचापेढीत मरणोत्तर दान केलेली कातडी असते, ती फार मोठ्या प्रमाणात भाजलेल्या रुग्णाच्या जखमा काही आठवडे झाकून त्याचा जीव वाचवण्यासाठी. ते दान फार मोलाचं आहे, पण वहिनींची गरज वेगळी आहे.

मान हलत नसली की भूल देताना श्वासनलिकेत नळी घालणं अवघड होतं. म्हणून अशा रुग्णांची सवय असलेले भूलतज्ज्ञ जिथे असतील तिथेच जा. ऑपरेशननंतर कित्येक महिने मानेला पट्टा, काखेला आधार आणि रोजचा व्यायाम लागेल. तो सोडला तर लावलेली कातडीही आकसते. त्या काळात घरच्यांनी चार कामं आपल्या अंगावर घेतली पाहिजेत, हे त्यांना माझ्या नावाने सांगा. खर्चाचं म्हणाल तर महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत अशा अनेक शस्त्रक्रिया बसतात. रेशनकार्ड आणि आधार कार्ड घेऊन योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटा, पण आता आणखी थांबू नका.

प्रश्न : नातू जन्मला, त्याचा वरचा ओठ दुभंगलेला आहे. सुनेने सहाव्या महिन्यात ग्रहण चालू असताना भाजी चिरली, त्याचा हा परिणाम असं सगळे म्हणतात. मूल दहा-बारा वर्षांचं झाल्यावर प्लास्टिक सर्जरी करावी का? (परभणी)

उत्तर : आजोबा, आधी सूनबाईंना जवळ बसवा आणि ‘यात तुझा काही दोष नाही’ असं सगळ्यांदेखत सांगा. बाळाचा ओठ जुळतो तो गर्भाच्या साधारण चौथ्या ते सातव्या आठवड्यात. दिवस गेल्याचं धड कळलेलंही नसतं तेव्हा. सहाव्या महिन्यातल्या ग्रहणाला करायला काही उरलेलंच नव्हतं. काही घराण्यांत हा दोष चालत येतो, काही औषधांचा आणि धूम्रपानाचा संबंध असतो, आणि पुष्कळदा एकच एक कारण सापडत नाही. विळीचा आणि सुरीचा संबंध मात्र कधीच नसतो.

दहा वर्षं थांबणं फार वाईट होईल. ओठाचं ऑपरेशन तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात करतात. बाळाचं वजन आणि हिमोग्लोबिन पुरेसं हवं, एवढंच. टाळूही दुभंगलेली आहे का, हे डॉक्टरांकडून नीट पाहून घ्या. असेल तर ती वर्षाच्या आसपास शिवतात, कारण मूल बोलायला लागण्याआधी ती बंद व्हायला हवी. उशीर झाला तर नाकातून बोलण्याची सवय जडते आणि पुढे ती मोडणं कठीण जातं. नुसता ओठ दुभंगलेला असेल तर बहुतेक बाळं अंगावर पिऊ शकतात. टाळू दुभंगलेली असेल तर आईचं दूध काढून, बाळाला उभं धरून वाटी-चमच्याने पाजा. ओठावर एक बारीक रेघ राहील. प्लास्टिक सर्जनच्या हातून व्रणच उमटत नाही, हा गैरसमज आहे. व्रण कमीत कमी दिसेल अशा जागी आणि अशा दिशेने आणणं, हे आमचं कौशल्य.

प्रश्न : लग्नाला तीन महिने आहेत. लायपोसक्शनने वीस किलो वजन उतरेल का? (ठाणे)

उत्तर : नाही. वजन उतरवण्याचं ते ऑपरेशनच नाही. आहार-व्यायाम करूनही एखाद्या ठिकाणी हटून बसलेली चरबी त्याने काढतात. एका वेळी फार चरबी काढणं जिवावर बेतू शकतं. वीस किलोचं आश्वासन देणाऱ्याकडे जाऊ नका.

प्रश्न : ही सगळी पाश्चात्त्यांची श्रीमंती थेरं, असं आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात ठरलं. आपलं मत? (पुणे)

उत्तर : तुमच्याच पुण्यातला दाखला देते. इंग्रजांच्या फौजेसाठी बैल हाकणारा कावसजी नावाचा मराठा टिपूच्या सैन्याच्या हाती सापडला. त्याचं नाक आणि एक हात कापण्यात आला. पुण्याजवळ विटा करणाऱ्या समाजातल्या एका कारागिराने त्याला नवं नाक करून दिलं. आधी मेणाचा साचा केला, तो कपाळावर सपाट पसरला, तेवढी कातडी आखून सोडवली, भुवयांच्या मधल्या पट्टीवर ती जिवंत ठेवली आणि वळवून नाकाच्या जागी बसवली. 1794 मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये याची हकीगत छापून आली. त्यानंतर 1814 मध्ये जोसेफ कार्प्यू या सर्जनने लंडनमध्ये अशीच शस्त्रक्रिया केली. गालाच्या कातडीने नाक करण्याची रीत तर सुश्रुतसंहितेतही आहे. नाक गेलेल्या माणसाला पुन्हा चारचौघांत बसता यावं यासाठी हे शास्त्र उभं राहिलं. त्याला थेरं म्हणू नये, असं मला कळकळीने वाटतं. कपाळाच्या कातडीचं नाक आम्ही आजही करतो.

प्रश्न : कडबाकुट्टीत शेजाऱ्याचं बोट तुटलं. तुटलेलं बोट जोडता येत नाही म्हणून आम्ही ते पुरलं. बरोबर केलं का? (माळशिरस)

उत्तर : पुढच्या वेळी पुरू नका. तुटलेलं बोट स्वच्छ पाण्याने हलकेच धुवा, ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळा आणि प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा. मग ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवा. बोटाला थेट बर्फ लागला तर पेशी मरतात. जखमेवर हळद, चुना, डिझेल काही घालू नका. स्वच्छ कापडाने दाबून धरा आणि हात उंच ठेवा. वाटेतच फोन करून सूक्ष्मशस्त्रक्रियेची, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली बारीक रक्तवाहिन्या जोडण्याची (मायक्रोसर्जरीची), सोय कुठे आहे ते विचारा, म्हणजे दोन-तीन दवाखाने फिरण्यात वेळ जाणार नाही. बोटात स्नायू नसल्यामुळे थंड ठेवलेलं बोट बरेच तास टिकतं. हात मनगटाच्या वर तुटला असेल तर मात्र फार घाई हवी. कडबाकुट्टीत बोट पुष्कळदा चेचलं जातं आणि मग जोडता येईलच असं नाही. तरीही ते रुग्णासोबत पाठवा. त्यातली कातडी, नख, हाडाचा तुकडा उरलेल्या बोटांच्या दुरुस्तीला कामी येऊ शकतो.