ते प्रकरण काढू नकोस

प्रिय,

तुझी मेल दोनदा वाचली. मजुरीचे दर ठरताना कुणाचं वजन किती होतं, हे सांगणारं तुझ्या प्रबंधातलं सहावं प्रकरण मार्गदर्शकांनी गाळायला सांगितलंय. म्हणे ‘हे समाजशास्त्र झालं’. आणि तू मला विचारतोयस, काय करू?

अरे, विचारतोस काय! वाटा कुणाला, आणि तो ठरवला कुणी, हे अर्थशास्त्र नाही तर काय आहे? इंग्लंडच्या रिकार्डो या अर्थशास्त्रज्ञानं १८१७ साली आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेतच सांगून टाकलं होतं की जमीनमालक, भांडवलवाले आणि मजूर यांच्यात उत्पन्नाची वाटणी कोणत्या नियमांनी होते, ते शोधणं हेच या शास्त्राचं मुख्य काम. इंग्लंडात तेव्हा १८१५ चा धान्य कायदा होता. बाहेरचं स्वस्त धान्य अडवलं, पाव महागला, खंड जमीनदारांच्या खिशात. आणि कायदा करणाऱ्या संसदेत भरणा जमीनदारांचाच. सत्ता हा वेगळा विषय आहे, असं म्हणायची सोयच नव्हती.

तेव्हा या शास्त्राचं नाव ‘राजकीय अर्थशास्त्र’ होतं. पुढे अर्थशास्त्रज्ञ जेव्हन्सनं १८७९ मध्ये त्यातला ‘राजकीय’ काढायला सुचवलं, मार्शलच्या १८९० च्या ग्रंथानं नवं नाव रुळवलं. नाव गेल्याचं मला काही वाटत नाही, प्रश्न गेला याचं वाटतं. १८९९ मध्ये क्लार्क म्हणाला, खुल्या स्पर्धेत ज्याला त्याला आपापल्या सीमांत उत्पादनाइतकं, म्हणजे शेवटच्या एका मजुरानं किंवा यंत्रानं उत्पादनात जेवढी भर पडते तेवढं, मिळतं. म्हणजे वाटा ठरवला कुणी? कुणीच नाही! आपोआप ठरला!

तुझ्याच तिसऱ्या प्रकरणातलं ‘के’ बघ, सूत्रातलं भांडवलाचं अक्षर. यंत्रं, इमारती, कच्चा माल एका आकड्यात बसवायचे तर किमती लागतात. किमतींसाठी नफ्याचा दर आधी हवा. आणि नफ्याचा दर तर तू त्याच ‘के’वरून काढायला निघालायस. अर्थशास्त्रज्ञ जोन रॉबिन्सननं हे १९५३ च्या सुमारास विचारलं. नफ्याचा दर उतरला की भांडवल वाढतंच असं नाही, हे १९६६ मध्ये ‘के’ची बाजू घेणाऱ्या खुद्द सॅम्युएल्सननं कबूल केलं. पाठ्यपुस्तकात ‘के’ आहे तिथंच आहे.

माझ्याही प्रबंधात असं एक प्रकरण होतं. चाळीसेक पानं. बाइंडिंगच्या आदल्या दिवशी मी ते काढलं, मागच्या पानांचे आकडे खोडून नवे घातले. नोकरीची जाहिरात निघाली होती, घरी पैसे हवे होते. पुढं लेख करू म्हटलं. केला नाही. त्या नोकरीवर घर चाललं, हे मी नाकारत नाही. माझ्या जागी तूही तेच केलं असतंस. पण तू माझ्या जागी नाहीस. तुझ्या हातात अजून वेळ आहे.

आणि गणिताला नावं ठेवू नकोस. मी वर्षानुवर्षं तेच शिकवलं, चांगलं शिकवलं. ज्याला ते येत नाही, त्याची टीका कुणी ऐकून घेत नाही. तेही कर आणि मग विचार: वाटा कुणाला, ठरवला कुणी?

सहावं प्रकरण आजच पाठव. तळटीपा फार लांबल्यायत, त्या कापू. तळटीपाच.